आवाजाचे सोळाशे चाळीस तुकडे

मालन घाडीला कशाकशाची भीती वाटते हे तिच्या चाळीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सरकता जिना. आरसा असलेली लिफ्ट. कुकरची चौथी शिट्टी. अनोळखी नंबरवरून आलेला फोन, आणि ओळखीच्या नंबरवरून अवेळी आलेला फोन. भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर तिचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथून खाली बाजारात उतरताना ती रिक्षावाल्याला इतक्या वेळा "सावकाश हां दादा" म्हणते, की एकदा एकाने रिक्षा बाजूला घेऊन विचारलं होतं, "मावशी, तुम्हीच चालवता का?"

अशी ही बाई चौपन्न वर्षांची झाली. कणकवलीकडच्या गावातून लग्न होऊन इथे आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडून दहा वर्षं झाली होती आणि घरात कमावतं माणूस एकच होतं, तिचा नवरा. मग तीही कामाला लागली. मुलुंडच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला तिने एकोणीस वर्षं काढली. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत यायच्या आणि हिचं काम एकच. दहातलं एखादं घर रिकामं राहिलं असेल तर ती स्ट्रिप उचलायची. एकोणीस वर्षांत मालनच्या नजरेतून रिकामं घर सुटलं नाही, असं तिची सुपरवायझर प्रेमा नव्या मुलींना सांगायची. मालनला त्यात फुशारकी वाटत नसे. "अगं, भीती वाटते म्हणून दिसतं मला," ती म्हणायची. "ती गोळी कोणाच्या तरी आईची असणार ना."

कंपनी शहराबाहेर गेली, मालन घरी आली आणि साड्यांना फॉल-पिको करायला लागली.

तिचा नवरा चंद्रप्रकाश म्हणजे नेमकं दुसरं टोक. दिवसा एका कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या संध्याकाळी माईकवर. भांडुप, कांजूर, विक्रोळी, जिथे म्हणून कबड्डीचं मैदान आखलेलं असेल तिथे समालोचनाला चंद्रप्रकाश घाडी. "पोरगा आत घुसलाय... कोपऱ्याकडे बघतोय... कोपरा त्याच्याकडे बघतोय... बघून घे बाबा, घरी सांगायला उपयोगी पडेल... आणि पकssड!" लोक मॅच सोडून त्याच्याकडे बघत हसायचे. घरातही तोच आवाज. मालन जिला घाबरेल ती प्रत्येक गोष्ट तो माईकवर घेतल्यासारखी सांगायचा. "मालन घाडी कुकरजवळ आल्या आहेत... तिसरी शिट्टी... मालन घाडी मध्यरेषेच्या मागे पळाल्या आहेत!"

अडीच वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण आवाजाची पेटीच काढावी लागेल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "काका, आत्ता आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. पुढे बटण दाबून तीच बोलता येतील. मशीनच्या आवाजापेक्षा स्वतःचा बरा."

चंद्रप्रकाशने ते मनावर घेतलं. स्वयंपाकघराचं दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि कानाला हेडफोन अडकवून बोलत बसायचं. "मालन, चहा टाक" हे वाक्य त्याने अकरा तऱ्हांनी म्हटलं. लाडात, घाईत, पाहुणे बसलेत अशा बेताने, भांडण झाल्यावर. "दार कोण वाजवतंय बघ." फोनवर लेकीला, "श्वेता, पोरीला फोन दे." कबड्डीची दोनशे बारा वाक्यं वेगळी. सगळे मिळून तुकडे झाले सोळाशे चाळीस. मग ऑपरेशन झालं. आता त्याच्या गळ्याला खाली एक भोक आहे, तिथून तो श्वास घेतो, त्यावर मालनने शिवलेलं पांढरं फडकं असतं. आणि बोलतो तो कॉम्प्युटरवर. कळ दाबली की चंद्रप्रकाश घाडीचा खणखणीत आवाज बाहेर. बाहेर जाताना फोनमध्ये रोजच्या वापरातली बावीस वाक्यं. बाकीचं सगळं पाटीवर लिहून.

हा कॉम्प्युटर रेकॉर्डिंगच्या आधीच जमवून दिला विद्याधर सावंतने. विद्याधर आणि चंद्रप्रकाश एकाच मंडळातून खेळलेले. आता विद्याधरचं घाटकोपरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका ऑफिसने टाकायला काढलेलं मशीन त्याने उचललं, साफ केलं आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. "जुन्या मशीनवर ह्याच बरा चलता," तो म्हणाला. "मध्येच अपडेट मागत बसलो तर चंद्या मुको होतलो."

दुसऱ्या प्रतीचं कामही त्यानेच लावून दिलं. बाहेरून जोडायची एक डिस्क आणली, पानाच्या डब्याएवढी. मालनने तिला फॉलच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली आणि घरात त्या डिस्कचं नाव पडलं 'डबी'. पडद्यावर हिरवी खूण होती, खाली लिहिलेलं 'जपून ठेव'. डबी जोडायची आणि ती खूण दाबायची. मग कॉम्प्युटरमध्ये जे असेल ते हुबेहूब डबीत.

"हुबेहूब म्हणजे आरशासारखा, वैनी," विद्याधरने समजावलं होतं. "ह्यात नवीन आला तर त्यात येतला. ह्यातून गेला तर त्यातून पण जातला. उगाच कचरो साठूक नको."

मालनने विचारलं, "मी विसरले तर?"

"रोज काय न विसरता करतास?"

"दिवा लावते."

"मग दिवो लावलास की हिरवी खूण दाबायची. विषय संपलो."

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला मालन देवापाशी निरांजन लावायची, डबी जोडायची, खूण दाबायची आणि हात जोडून उभी राहायची. तिचं रोजचं स्तोत्र संपायला आणि पडद्यावर 'झालं' असं उमटायला साधारण एकच वेळ लागायचा. अडीच वर्षांत एक दिवस चुकला नाही.

आणि मग ह्या सोमवारी जे झालं ते झालं.

चार दिवस कॉम्प्युटरमधून टकटक आवाज येत होता. शनिवारी मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाच्या स्पर्धेची फायनल होती, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चंद्रप्रकाश समालोचनाला बसणार होता. माईक कॉम्प्युटरच्या स्पीकरपुढे, आणि ह्याची बोटं कळींवर. दोन महिने तो त्याचाच सराव करत होता. म्हणून विद्याधर सोमवारी सकाळीच आला, आतली जुनी डिस्क काढली आणि तोंड वाकडं केलं. "गेली ही. फिरतच नाही." नवी बसवली, तिच्यावर लिनक्स नव्याने टाकलं. चंद्रप्रकाश तेव्हा घरी नव्हता, मुलीच्या, श्वेताच्या, नव्या घराच्या वास्तुशांतीला गोरेगावला गेला होता. मंगळवारी दुपारी येणार होता.

"आता डबीतलं सगळं ह्यात परत भरायचं," विद्याधर म्हणाला. "दोन तास लागतील. माका दुकानात एक गिऱ्हाईक येतला. रात्री साडेआठाक येतंय आणि भरतंय. तोवर काय करू नका."

"मी कशाला काय करतेय!" मालन म्हणाली. तिने पडद्याकडे पाहिलं. "भावोजी, हे सगळं वेगळं दिसणार का हो आता?"

तिचा चेहरा बघून विद्याधर परत खुर्चीवर बसला. दहा मिनिटं खर्च करून त्याने मागे तेच गणपतीचं चित्र लावलं, आणि ती हिरवी खूण स्वतःच्या पेनड्राइव्हमधून आणून नेमकी जुन्या जागी ठेवली. "बघा. जसाच्या तसा. घाबरू नका."

संध्याकाळी सात वाजता मालनने निरांजन लावलं. डबी पिशवीतून काढली, जोडली. पडदा रोजचाच होता, खूण रोजच्याच जागी होती. तिने दाबली आणि हात जोडले.

स्तोत्राची पहिली ओळ संपायच्या आत पडद्यावर 'झालं' आलं.

मालन थांबली. ओठ तसेच उघडे. इतक्या लवकर? एकोणीस वर्षं पट्ट्यावरची रिकामी घरं उचललेली ती नजर होती. तिने पडद्यावर डबी उघडून पाहिली. 'आवाज' नावाचं फोल्डर तिथे नव्हतं. तिने बंद केलं, परत उघडलं. नव्हतं. कॉम्प्युटर रिकामा होता, आणि आरशाने इमानदारीने रिकामं तेवढंच दाखवलं होतं.

ती खाली बसली. निरांजनाची ज्योत सरळ होती, काही झालंच नाही अशी.

तेवढ्यात फोन वाजला. श्वेता.

"आई, काय करतेयस? अगं, बाबांनी आज धमाल केली! भटजींचा मंत्र संपला की हे फोनमधून 'झकास!' वाजवतायत. भटजी पण हसले. आणि सगळ्यांना पाटीवर लिहून सांगतायत, शनिवारी मैदानावर या म्हणून. आई? ऐकतेयस ना?"

"हो."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"दिवा लावतेय," मालन म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने विद्याधरला लावला.

"भावोजी."

"बोला वैनी."

"तुम्ही ते परत भरणार होतात ना..."

"साडेआठाक येतंय म्हटलंय ना. का ओ?"

"मी दाबलं."

"काय दाबलात?"

"रोजचं."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"वैनी, डबी लावून दाबलात?"

"हो."

"दिवो लावताना?"

"हो हो हो! किती वेळा विचारता!"

"अरे म्हाराजा," विद्याधर अगदी हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आता मी सांगतंय तेवढाच करा. डबी तशीच ओढू नका. पडद्यावर तिच्या नावापुढे बाण असा, वर तोंड केलेलो. दिसता?"

"दिसतो."

"तो दाबा."

"नाही."

"वैनी!"

"मी नाही आता काही दाबणार. माझ्या हाताने नको. तुम्ही या."

"मी येईपर्यंत ती जोडलेली रवली तर मशीन तिच्यावर काय ना काय लिहीत रवतला. आणि त्याच्यावर लिहिला गेला तर खराच गेला. आत्ता अर्धाच गेला असा समजा. दाबा. एकदाच."

मालनने उजवा हात पदरात गुंडाळला. चूक त्या हाताने केली होती. डाव्या हाताने माऊस धरला, कर्सर हलत हलत कसाबसा त्या बाणावर नेला आणि डोळे मिटून दाबला.

"आता काढा. पिशवीत घाला. कोणाक हात लावूक देऊ नका. मी रिक्षा पकडतंय."

विद्याधर पाऊण तासात आला. चप्पल काढायचंही विसरला. मालनला वाटलं होतं तो आधी रागावेल, पण तो स्टुलावर बसला आणि स्वतःच्याच कपाळावर थापट्या मारायला लागला.

"माझी चूक, वैनी. शंभर टक्के माझी. एकच प्रत ठेवली, ती पण आरसो. जुनी कालची, परवाची अशी ठेवूक होई होती. आणि वर ती खूण शाणपणा करून जागेवर आणून ठेवली. कित्याक? तर तुमी घाबराल म्हणून!"

"मिळेल का?"

"बघूया."

"भावोजी, खरं सांगा. मिळेल का?"

"माका म्हायत नाय," विद्याधर म्हणाला. मालनने त्याच्याकडे नीट पाहिलं. ज्याला विचारायचं तोच घाबरलेला.

मग कामाला लागता लागता तोच बोलत राहिला, तिला सांगायला की स्वतःला, देव जाणे. "पुसला म्हणजे लगेच जाता असा नाही. कसा सांगू... चाळीत खोली रिकामी करतत तेव्हा पहिली दारावरची पाटी काढतत. माणूस आतच असता. नवो भाडेकरू येईपर्यंत आतच बसलेलो असता. आता आपण प्रत्येक दार वाजवायचा. पाटी नसली तरी आतून कोण बोलता काय बघायचा."

त्याने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, त्यात दोन-तीन ओळी टाइप केल्या. डबी अशा तऱ्हेने जोडली की तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, फक्त वाचलं जाईल. सापडेल ते नव्या डिस्कवर ठेवायचं. पडद्यावर आकडे धावायला लागले. खाली एका ओळीत 'आवाज' फायलींचा आकडा होता. शून्य.

शून्य.

शून्य.

मालन एकोणीस वर्षं पट्ट्याकडे बघायची तशी त्या शून्याकडे बघत राहिली. तिला सासूच्या अस्थी आठवल्या, ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा आठवला. आणि सगळ्यांत जास्त आठवलं ते उद्या दुपारचं. चढ चढून चंद्रप्रकाश येईल, दारात धाप लागलेली असेल, गळ्याचं फडकं फडफडत असेल, आणि तो फोनवर 'आलो गं!' दाबेल. मग काय सांगायचं? ज्याचा आवाज डॉक्टरने एकदा काढला त्याचा उरलेला मी काढला?

"तीन," विद्याधर म्हणाला.

"काय?"

"तीन मिळाले, वैनी! तीन!"

त्याने पहिला लावला. बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम, घर दणाणून सोडत, "...कड!"

'पकड'मधलं पहिलं अक्षर गेलं होतं. पण तो चंद्रप्रकाश होता. मालनने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मशीन चालू ठेवून विद्याधर घरी गेला. सकाळी आठ वाजता परत आला तेव्हा काम संपलं होतं आणि आकडा होता दोन हजार तीनशे अठरा.

"सोळाशे चाळीस होते ना?" मालनचा आवाज चिरका झाला. "जास्त कसे? भावोजी, हे दुसऱ्याच कोणाचं काही..."

"नाय नाय. त्याने रेकॉर्ड केलेले, डबीत गेल्यावर मग पुसलेले. चुकलेले, खोकलेले. ते पण उठान बसले." तो एकेक उघडून बघत होता आणि त्याचा चेहरा परत उतरत होता. "काय काय अर्धे आहेत. काय काय नुसतीच खरखर. आणि नावं गेली, वैनी. एकाचं पण नाव नाही. सगळ्यांना नुसते आकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे चंद्याने कळ दाबली तर कुठली फाईल वाजवायची हे मशीनला माहीत नाही. एकेक ऐकून नाव द्यावं लागेल."

"दोन हजार?"

"तीनशे अठरा."

दुपारी साडेबाराला जिन्यावर पावलं वाजली. विद्याधर म्हणाला, "मी सांगतंय." मालन म्हणाली, "नको. हात माझा होता."

चंद्रप्रकाश आत आला. हातात वास्तुशांतीच्या प्रसादाची पिशवी, डोळे हसरे. फोन वर धरला. "आलो गं!"

मालनने प्रसाद हातात घेतला, देवापाशी ठेवला. पाणी आणून दिलं. आणि तो पीत असतानाच, त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं. सगळं. दिवा, डबी, खूण, शून्य. मध्ये थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं.

चंद्रप्रकाशने पेला खाली ठेवला. कॉम्प्युटरपाशी गेला. कळ दाबली. काही नाही. दुसरी दाबली. मग दोन्ही हातांची सगळी बोटं एकदम कळींवर ठेवली, पेटीवर ठेवतात तशी, आणि दाबून धरली. खोलीत आवाज फक्त त्याच्या गळ्यातून जाणाऱ्या वाऱ्याचा.

"चंद्या," विद्याधर म्हणाला, "ऐक तरी, बरेचसे मिळालेत..."

चंद्रप्रकाश वळला. चेहरा लाल झाला होता. त्याने फोन उचलला, बोट वर-खाली फिरवलं. बावीस वाक्यं होती आणि त्यात रागाचं एकही नव्हतं. बाहेर जाताना रागाचं वाक्य लागेल असं कोणाला वाटलं होतं? त्याने हाताला लागलं ते दाबलं.

"झकास!"

मैदानावरचा आवाज, हसरा, रंगात आलेला. त्याने परत दाबलं. "झकास!" मालनच्या डोळ्यांत बघत परत. "झकास! झकास! झकास!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फोन खिदळत होता. मालनला आयुष्यात कुठल्याच आवाजाची इतकी भीती वाटली नव्हती. विद्याधरने शेवटी त्याचं मनगट धरलं. फोन गादीवर पडला.

त्या दिवशी त्याने पाटीला हात लावला नाही. मालनने ताट वाढलं, तो जेवला. तिने फडकं बदलून दिलं, त्याने मान वर केली. बस्स. घरात दोन माणसं होती आणि बोलणारं एकही नव्हतं.

बुधवारी सकाळी ती उठून बाहेर आली तर तो कॉम्प्युटरपुढे बसलेला होता, शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली. पाटीवर लिहिलं होतं, 'बस. नावं टाइप करायला तू हवीस.'

तेव्हापासून त्यांचं चाललं होतं ते हे. तीन फोल्डर केले, 'मैदान', 'घर' आणि 'फेकायचं'. एक फाईल लावायची, ऐकायची. चंद्रप्रकाश बोटाने दाखवणार कुठे, मालन नाव टाइप करणार. विद्याधर दुपारी डोकावून जायचा. त्याने आता दोन डिस्का आणल्या होत्या, दोन्हींत तारखेवार प्रती, आणि कॉम्प्युटर रिकामा दिसला तर खूण चालायचीच नाही अशी सोय. "आता दिवे लावा, आरती करा, काय होई ता करा," तो म्हणाला. मालनने तरीही त्या खुणेला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं.

प्रत्येक फाईल लावताना तिचा श्वास अडकायचा. आत काय असेल? "चढाई!" आलं की सुटायचा. खरखर आली की चंद्रप्रकाशचा चेहरा बघायची हिंमत व्हायची नाही. 'पकड' पूर्ण असलेले चार मिळाले. 'लोण' मिळाला. 'पंच, डोळे उघडा' मिळालं. 'बोनस' काही केल्या मिळेना.

"आणि मैदानावर बोनस पडला तर?" मालनने विचारलं.

त्याने पाटीवर लिहिलं, 'पडणार. तेव्हा थाळी वाजव.'

"मी? एवढ्या लोकांत?"

त्याने खांदे उडवले. मालनला वाटलं, तो सोमवारनंतर पहिल्यांदाच हसतोय. पण नक्की सांगता येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी तेराशेच्या पुढचा आकडा चालू होता. मालनने फाईल लावली. खुर्ची सरकल्याचा आवाज. घसा साफ केला. मग बराच वेळ काही नाही. तिला वाटलं, ही पण रिकामी. बंद करणार तेवढ्यात आवाज आला, पण माईकवरचा नव्हे. खालचा, अगदी जवळचा, असा तिने कधी ऐकला नव्हता.

"मालन साड्या द्यायला गेलीय. ...मंगळवारी ऑपरेशन. ...मला नाही जायचं. मला लय भीती वाटतेय. टेबलावर झोपवतील, मग उठल्यावर हाक मारायला जाईन आणि... कोणाला हाक मारणार... च्यायला, काय बोलतोय मी हे. पूस, पूस."

खट्. संपलं.

मालन वळली नाही. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून तो नर्सला म्हणाला होता, "सिस्टर, चढाईला निघालोय, मागे नाही बघायचं हां!" नर्स हसली होती. मालनही हसली होती. तिला वाटलं होतं, बरं आहे बाई, ह्यांना काही वाटत नाही.

चंद्रप्रकाशचा हात तिच्या पुढून कळींकडे गेला. पुसायच्या कळीकडे.

"हात काढा," मालन म्हणाली.

तो थांबला.

"काढा म्हटलं ना हात."

त्याने काढला. तिला स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला झालं. मग ती त्याच्याकडे वळली. त्याचं फडकं वर-खाली होत होतं, भरभर.

"हे मला का नाही सांगितलंत?"

चंद्रप्रकाशने फोन घेतला. बावीस वाक्यांवरून बोट फिरवत खाली गेला, परत वर आला. फोन ठेवून दिला. पाटी ओढली. खडू घेतला, थोडं लिहिलं, तळहाताने पुसलं, परत लिहिलं. मग पाटी तिच्याकडे केली.

'तू आधीच इतकी घाबरलेली असायचीस. घरात दोघांनी घाबरून कसं चालेल?'

मालनने दोनदा वाचलं.

"चाललं असतं," ती म्हणाली.

तिने त्या फाईलला नाव दिलं नाही, आकडाच राहू दिला, आणि उचलून 'घर'मध्ये टाकली. तो बघत होता. तिने त्याचा हात धरून स्वतःच्या मांडीवर ठेवला. हजाराच्या आसपास तुकडे ऐकायचे बाकी होते, शनिवारला दोन दिवस होते. तिने दुसऱ्या हाताने पुढची फाईल लावली.